आधी तुमी आमाला बघा

विमलताई गेल्याचा निरोप आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर आला, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. दुःखामुळे नव्हे, सवयीमुळे. निरोप ज्या नंबरवरून आला तो माझ्याकडे सेव्ह नव्हता, आणि रविवारच्या बसची वेळ ताईंनी त्याच सकाळी टाकली होती. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी काही न लिहिता सरळ ताईंच्या नंबरवर फोन लावला. त्यांच्या भावानं उचलला. "व्हय, खरं हाय," एवढंच ते म्हणाले, थकलेल्या आवाजात. खात्री करायला फोन करणारी मी पहिली नसावे. त्याला आता सहा आठवडे झाले.

ताई नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. एकट्या राहायच्या. रविवारी आम्हा दहा-पंधरा मुलामुलींना घेऊन डोंगरावर जायच्या. मांजरसुंबा, डोंगरगण, वर्षातून एकदा कळसूबाई. बसचं भाडं ज्याचं त्यानं द्यायचं, डबा आपापला, बाकी काही नाही. आणि 'बाकी काही नाही' हेच लोकांना पटायचं नाही. कुणाला ती साखळी पद्धतीची स्कीम वाटायची, कुणाला निवडणुकीची तयारी. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "पोरी, शेवटी विकतात काय?" मला हसू आलं नाही, कारण मलाही तेच विचारायचं होतं. मी घरी कुणाशी बोलत नाही म्हणून आईनं मला या गटात ढकललं होतं. पहिले कित्येक महिने मी ताईंच्या मागून चालत, यांना यातून काय मिळतं याचा विचार करत होते.

गटात नवीन मुलगी घ्यायची असली की ताई तिच्या घरी फॉर्म न्यायच्या नाहीत. आम्हाला न्यायच्या. "पोरगी नंतर. आधी तुमी आमाला बघा," असं त्या घरच्यांना सांगायच्या, आणि मग खरोखरच बघण्याचा कार्यक्रम व्हायचा. आम्ही तिघंचौघं ओळीनं खुर्च्यांवर, हातात पोह्यांच्या बशा, समोर आई, काकू, आजी. डोंगरावर पाणी कुठलं पिता, मुलं-मुली वेगवेगळी बसतात का, परत किती वाजता येता. एका आत्याबाईंनी तर सवयीनं मला स्वयंपाक येतो का, हेही विचारलं. दाराशी जमिनीवर बसलेल्या ताई म्हणाल्या, "न्हाई येत. पन सॅक लई झ्याक भरती."

या कार्यक्रमांना बाकीचे आलटून पालटून असायचे. मी मात्र दरवेळी, आणि पहिल्या खुर्चीवर. आमच्यातला इरफान कुठल्याही आजीला पाच मिनिटांत हसवायचा. मला धड मान वर करता यायची नाही. तरी मीच. "ह्या आमच्या मॅडम, इंग्लिश मीडियमच्या," अशी ओळख त्या करून द्यायच्या, आणि समोरच्यांचे चेहरे जरा सैल व्हायचे. हे मी टिपून ठेवलं होतं. दुकानाच्या काचेत लावतात त्या साडीसारखं आपल्याला मांडलं जातंय, हा संशय तेव्हापासून माझ्या मनात होता. त्या मला मुलगी म्हणून नेत होत्या की नमुना म्हणून, हे मला कळायला हवं होतं.

त्यात मांजरसुंब्याचा तो रविवार. उतरण्याआधी ताई बोट दाखवून माणसं मोजायच्या. खालच्या गावातली एक मुलगी हौसेनं आमच्याबरोबर वर आली होती, त्यामुळे आकडा बरोबर भरला. मी गडाच्या पडक्या भिंतीच्या आडोशाला बुटाची लेस बांधत होते. बाकीचे निघाले. मला त्यांचे आवाज ऐकू येत होते... हाक मारली असती तर थांबले असते. मी मारली नाही. जवळजवळ तासानं ताई एकट्याच धापा टाकत वर आल्या. चेहरा पांढरा पडलेला. "मॅडम, हाक मारायची की गं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारपासून बोट दाखवून मोजणं बंद झालं. प्रत्येकानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा, सुरुवात माझ्यापासून. मी ऐकू येईल असं 'एक' म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. शेवटचा आकडा ताई स्वतःचा म्हणायच्या.

मी घरी काही सांगितलं नाही. पण कर्जतकडच्या एका वस्तीवर सानिका नावाच्या मुलीच्या घरी आम्ही बसलो होतो, तेव्हा तिच्या आईनं सगळ्यांना सोडून मला विचारलं, "ह्यांच्यासंगं गेल्यावर कदी काय वंगाळ झालं का?" ताई काहीतरी बोलून सावरतील म्हणून मी थांबले. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"झालंय," मी म्हणाले. "ह्या मला डोंगरावर विसरून आल्या होत्या."

खरेपणासाठी मी ते बोलले नव्हते. काचेतली साडी बोलायला लागली की दुकानदार काय करतो, ते मला बघायचं होतं. इरफाननं बशी खाली ठेवली. सानिका रडायच्या बेतात होती.

"खरं का?" आईनं ताईंना विचारलं.

"खरं हाय. चूक माजी. परत चढले अन घिऊन आले. आता आकडा बोलून घेते."

त्या बाईंनी मला एकदा नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "ही दर येळी असती का? मंग न्या. सानिकाला हिच्याशेजारी बसवा."

परतीच्या एसटीत मी ताईंना पहिल्यांदा सरळ विचारलं, की मला इंग्रजी शाळेतली म्हणूनच नेता ना. त्या शेंगा सोलत होत्या. "तसं बी हाय थोडं," त्या म्हणाल्या. "पन तुज्या तोंडावर कायम लिवलेलं असतं, ह्या बाईचं काय खरं न्हाई. अन तरी तू दर रविवारी येतीस. लोक त्ये बघत्यात." आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले, पण मनात आलंच... त्या घरात मी तोंड उघडेन, हेही यांनी आधीच गृहीत धरलं होतं का? ते विचारायचं राहून गेलं. यातून त्यांना काय मिळत होतं, हेही मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मागच्या रविवारी आम्ही त्यांच्याशिवाय पहिल्यांदा डोंगरगणला गेलो. परत निघताना कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळे आपोआप ओळीनं उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. मी 'एक' म्हणाले. शेजारून सानिका 'दोन' म्हणाली. आकडा इरफानपर्यंत गेला, तो 'तेरा' म्हणाला. बस समोर उभी होती, कंडक्टर घाई करत होता. तरीही कुणी हललं नाही. चौदा ऐकल्याशिवाय निघायची आम्हाला सवय नव्हती.