गुपचूप साहेबांचा सायलेन्सर

ऑफिसात त्यांना सगळे ‘गुपचूप साहेब’ म्हणत. बरोबरच होतं म्हणा. ज्या माणसानं सारा जन्म गाड्यांच्या सायलेन्सरमधला आवाज मारण्यात घालवला, त्याला दुसरं काय म्हणणार?

या धंद्यात ते पडले आईपायी. मागाच्या कारखान्यातल्या खडखडाटात वीस वर्षं उभं राहून तिचे कान पार गेले होते. मुलगा इंजिनीअर झाला आणि हात धुऊन आवाजाच्या मागे लागला. सुरुवातीला पत्रा कापायचा, वेल्डिंग करायचं, गाडीला लावून ऐकायचं, नाही जमलं की पुन्हा कापायचं. मग संगणक आले. सायलेन्सर आधी पडद्यावर उभा करायचा, आतल्या कप्प्यांतून आवाज कसा धावतो ते लाल-निळ्या रंगांत पाहायचं, मगच पत्र्याला हात लावायचा. जुने वेल्डर नाकं मुरडायचे. साहेबांना मात्र दोन्ही दिवस आठवतात. तापल्या पत्र्याचा वास आठवला की अजून जीव कासावीस होतो.

त्यांची स्वतःची गाडी भलतीच घुमायची. गल्लीच्या वळणावर गिअर टाकला की घराच्या खिडकीची काच थरथरायची. दोन महिने डोकेफोड करून त्यांनी पडद्यावर उपाय शोधला, एक कप्पा चार बोटं लांब केला आणि पहिला नमुना हौसेनं आपल्याच गाडीला बसवला. घुमणं बंद झालं. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

त्या खटाटोपात घरी यायला तासभर उशीर झाला. एरवी गाडीतून उतरेपर्यंत आई दारात उभी असायची. आज दाराला आतून कडी. घंटा दाबून उपयोग काय? शेवटी ते खिडकीकडे वळले. आत आई काचेला तळहात टेकून बसली होती, नजर घड्याळावर, चेहरा रडवेला. ती त्यांची वाट हातानं ऐकायची, हे त्यांना तेव्हा कळलं. इतकी वर्षं आवाजाचा अभ्यास करून! साहेबांना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर परत चढला.

पुढे तो गंजला, ठिगळं लागली, पण बदलला नाही. “साहेब, जगाची तोंडं बंद केलीत, आणि तुमची गाडी?” असं कुणी म्हटलं की ते हसण्यावारी न्यायचे.

निवृत्तीच्या दिवशी, भाषणं चालू असताना, हाताखालच्या मंडळींनी परस्पर त्यांच्या गाडीला त्यांचाच सगळ्यात उत्तम सायलेन्सर बसवला. जुना कागदात गुंडाळून डिकीत ठेवला. अशा भेटीवर रागवायचं तरी कसं?

गाडी वळणावर आली, गिअर पडला आणि काहीच झालं नाही. स्वतः घडवलेली शांतता साहेबांना खायला उठली. उतरून त्यांनी खिडकीच्या काचेवर बाहेरून हळूच थाप मारली. आईनं दार उघडलं, गाडीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

“गाडी बिघडली वाटतं रे,” ती म्हणाली. “उद्या दाखव कुणाला तरी. त्यातलं कळणाऱ्या माणसाला.”

साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीखाली उताणे पडून पाना फिरवत होते, आणि आई खिडकीत काचेला हात लावून बसली होती.