सगळी गाणी एकाच लांबीची

"ताई, हे इथं संपत नाही," रेश्मा मला म्हणाली. "झुनीबाई सांगताहेत, अजून अर्ध्याच्या वर गाणं बाकी आहे."

झुनीबाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. समोरच्या टेबलावर स्पीकर. त्यातून त्यांच्या आईचा आवाज येत होता, तो एका शब्दाच्या मधेच थांबला होता. त्या स्पीकरकडेच बघत होत्या, आई दम घ्यायला थांबली असावी तशा.

मी तळोद्याच्या त्या ऑफिसात वेगळ्याच कामासाठी गेले होते. नवीन आलेल्या दोघांचे लॉगिन करून द्यायचे होते. मी डेटाबेसचं काम करते. माहेर कळसाडीचं, राहते शहाद्यात. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण घरून. तळोद्याच्या या संस्थेचं कॉम्प्युटरचं काम सुट्टीच्या दिवशी बघते, तेही अलीकडेच घेतलं होतं. संस्था सातपुड्यातल्या पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांची गाणी आणि कथा रेकॉर्ड करते. कुठेच लिहून न ठेवलेलं असं सगळं. रेश्मा पावरा ही त्यांची फील्डवर्कर. बरीचशी रेकॉर्डिंग तिनेच केलेली.

झुनीबाईंची आई गेल्या वर्षी वारली. घरात पूजा ठरली होती आणि त्या पूजेतलं मोठं गाणं आता झुनीबाईंना म्हणायचं होतं. सुरुवात त्यांना येत होती. पुढचं नीट आठवत नव्हतं. म्हणून त्या जीपने डोंगर उतरून आल्या होत्या.

"नेटचा प्रॉब्लेम असेल," संस्थेचे प्रमुख वळवी सर आतून म्हणाले. "परत लावा."

परत लावलं. त्याच शब्दावर तुटलं. स्क्रीनवर गाण्याची लांबी मात्र पूर्ण दिसत होती. पाऊण तासाच्या आसपास. आवाज काही मिनिटांत बंद आणि पट्टी सरळ शेवटाला.

मी म्हटलं, "थांबा, मी सरळ डेटाबेसमधून काढते."

इथे थोडं सांगावं लागेल. डेटाबेसमधलं टेबल म्हणजे आखलेला तक्ता. एका चौकोनात नाव, एकात गाव, एकात तारीख. पण एखाद्या चौकोनात अख्खा फोटो किंवा अख्खं रेकॉर्डिंगही ठेवता येतं. अशा मोठ्या ऐवजाला आमच्या धंद्यात ब्लॉब म्हणतात. या संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर ज्याने केलं, त्याने सगळा आवाज असा टेबलातच ठेवला होता. गायकाचं नाव, गाव आणि गाणं एकाच ओळीत. सरमिसळ होत नाही. कल्पना वाईट नव्हती.

रेकॉर्डिंग थेट काढलं. तेही त्याच शब्दावर तुटलं. म्हणजे नेटचा संबंध नव्हता. या एका ओळीतच काही बिघडलं असेल असं वाटून मी डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारला: सगळ्या रेकॉर्डिंगची साइज सांग.

उत्तर आलं.

सगळ्या ओळींत एकच आकडा होता. वर सरकवलं, खाली सरकवलं. तोच आकडा. काही अगदी छोटी गाणी तेवढी वेगळी. बाकी धडगावकडचा म्हातारा असो की अक्कलकुव्याची सुईण, साऱ्यांचा आवाज एका सुरीने एकाच मापात कापलेला. माणसं अशी एकाच लांबीची बोलत नाहीत. मी आणखी दोन-तीन लावून बघितली. एका आजोबांची कथा "मग तो नदीकडे गेला आणि" इथे संपत होती. त्यांची बोली मला समजत नाही, हा अर्थ रेश्माने सांगितला.

"सर," मी म्हटलं, "बाहेर या. हे एकच रेकॉर्डिंग तुटलंय असं नाही. जवळजवळ सगळी तुटली आहेत."

वळवी सर आले, आकडे बघितले. मग खुर्ची ओढून बसले.

वर्षभरापूर्वी संस्थेने सगळा डेटा जुन्या कॉम्प्युटरवरून ऑनलाइन डेटाबेसमध्ये हलवला होता. आम्ही त्याला मायग्रेशन म्हणतो. काम एका बाहेरच्या एजन्सीने केलं होतं. मी तिथूनच फोन लावला.

"मॅडम, तुमचं मायग्रेशन सक्सेसफुल आहे," तिकडचा मुलगा म्हणाला. "जितक्या ओळी तिकडे होत्या तितक्याच इकडे आहेत. तुमच्या सरांची सही आहे."

"ओळी बरोबर आहेत. ओळीतला आवाज अर्धवट आहे."

"एरर तर काहीच आला नव्हता."

"वाचताना लिमिट किती ठेवली होती?"

तो म्हणाला, "कसली लिमिट?"

मला समजायचं ते समजलं. डेटाबेसमधून ब्लॉब वाचणारा प्रोग्राम एका वेळी किती घ्यायचं ते आधी ठरवून येतो. त्याला सांगितलं नाही तर तो आपल्याजवळच्या मापाने घेतो. टाकीतून पाणी काढायला बादली न्यावी तसं. बादली भरली की तो निघाला. टाकीत अजून पाणी आहे, हे तो सांगत नाही. त्याच्या लेखी काम झालेलं असतं. गाण्याच्या सुरुवातीच्या भागात एकूण लांबी लिहिलेली असते, ती तेवढी बादलीत आली होती. म्हणून पडद्यावर पाऊण तास दिसत होता.

मायग्रेशननंतर तपासणी करणाऱ्यांनी काय केलं होतं? प्रत्येक गाणं लावलं, थोडंसं ऐकलं, वाजतंय म्हणून टिक केलं.

"रेकॉर्डरच्या कार्डात असेल ना मूळ?" मी रेश्माला विचारलं.

"कार्डं मी पुसत होते, ताई." ती भिंतीला टेकली. "अपलोड झालं की कार्ड रिकामं करायचं, असंच सांगितलेलं. पुढच्या पाड्यावर लागायचं."

"बॅकअप?"

वळवी सर म्हणाले, "होता."

"कुठे?"

"त्या जुन्या कॉम्प्युटरवरच."

"आणि तो कुठे आहे?"

नवीन कॉम्प्युटर आल्यावर जुना सरांनी शहाद्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. कांतिलालशेठ. एसटी स्टँडच्या बाजूला त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. संस्थेला खुर्च्या-सतरंज्या त्यांनीच दिलेल्या, म्हणून त्यांना काहीतरी द्यावं, एवढाच विचार.

झुनीबाईंना रेश्माने काय झालं ते सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. रेश्माने ते मला मराठीत सांगितलं. "त्या विचारताहेत, आईचं पुढचं बोलणं फेकून दिलं का."

रेश्मा आणि मी शहाद्याच्या एसटीत बसलो. केळीच्या गाड्या समोरून येत होत्या, मी नुसती त्या बघत बसले. हार्डडिस्क काढून कुणी भंगारात घातली असेल, हाच विचार डोक्यात होता.

दुकानात ही गर्दी. कापसाचं बियाणं घ्यायला गावोगावचे शेतकरी. आणि काउंटरवर तोच कॉम्प्युटर. कॅबिनेटवर संस्थेचं स्टिकर अजून तसंच. रेश्माने माझा दंड घट्ट धरला.

"या ताई, बसा," कांतिलालशेठ म्हणाले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ गिऱ्हाइकाशी बोलतात ते अहिराणीतच. "कोणतं बियाणं जोयजे?"

"बियाणं नको शेठजी. हाऊ कॉम्प्युटर पहिले बंद करा."

"बंद? सीझन शे ताई! बिलं करी ऱ्हायनू मी."

"आतला जुना डेटा कुठे शे?"

"जुनं काय ऱ्हाई? कॉम्प्युटरना दुकानवालानी नवीन विंडोज टाकी दिनं." मग जरा आठवून म्हणाले, "डी ड्राइव्हमा एक मोठी फाईल व्हती. नाव इंग्रजीमा, उघडेच नही. मी काढी टाकी."

"काढी टाकी?"

"मंग! मन्ही अंडेरनं लगीन झायं ना, तेना व्हिडिओले जागा नव्हती."

रेश्मा खताच्या पोत्यावर बसली. ती उघडत नसलेली मोठी फाईल म्हणजेच अख्खा डेटाबेस होता. सगळे पाडे, सगळे म्हातारे, बॅकअपसकट, त्या एका ड्राइव्हवर. आणि त्या जागेवर शेठजींच्या मुलीचं लग्न येऊन बसलं होतं.

पण एक आशा होती. फाईल डिलीट केली की ती लगेच पुसली जात नाही, निदान जुन्या फिरत्या डिस्कवर तरी नाही. ही जागा आता मोकळी आहे, एवढीच नोंद होते. कापूस वेचून झाला तरी पऱ्हाट्या शेतात उभ्याच असतात, नांगर फिरेपर्यंत. नांगर कुठवर फिरलाय, तेच बघायचं होतं. आणि इथे बसून केलेल्या प्रत्येक नवीन बिलाने तो आणखी पुढे सरकू शकत होता.

हे सगळं, झुनीबाईंच्या आईच्या गाण्यासकट, मी शेठजींना समजावलं. गिऱ्हाइकं ताटकळलेली. एकाने "शेठ, मन्हं बिल करी द्या पहिले" असं दोनदा म्हटलं. शेठजी कॉम्प्युटरकडे बघत राहिले.

"म्हणजे," ते आता मराठीवर आले, "एका मेलेल्या बाईच्या आवाजावर माझ्या मुलीचं लग्न बसलंय?"

"एका नाही, बऱ्याच जणांच्या."

"आणि तुम्ही ते आवाज काढायला गेलात तर लग्नाचा व्हिडिओ?"

"त्याची दुसरी कॉपी आहे ना तुमच्याकडे?"

"नाही." त्यांचा चेहराच पडला. "पेनड्राइव्ह फोटोवाल्याला परत दिला."

आता धक्का बसायची पाळी त्यांची होती. मी सांगितलं, मूळ डिस्कला मी हात लावणार नाही. आधी तिची हुबेहूब नक्कल करीन, कणाकणाने, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट. जे काही शोधायचं ते नकलेत. शेठजींनी क्षणभर रेश्माकडे बघितलं. ती पोत्यावर तोंड झाकून बसली होती. मग त्यांनी हात लांब करून स्वतःच मागचा प्लग खेचला. ड्रॉवरमधून हातबिलाचं पुस्तक काढलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाले, "बोल भाऊ, नाव सांग."

पुढचं काम कंटाळवाणं आहे, थोडक्यात सांगते. डिस्कची नक्कल केली. डेटाबेस मोठं गाणं एका तुकड्यात ठेवत नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर पुढचा तुकडा कुठे आहे ते लिहून ठेवतो. मी एक प्रोग्राम लिहिला. तो रिकाम्या जागेत फिरून हे तुकडे गोळा करी आणि माळ ओवी. माळ तुटली की तिथे लग्न लागलेलं असे. एकदा एका कथेच्या मधेच कानठळ्या बसतील असा खरखराट आला. तो व्हिडिओचा तुकडा होता, कथेच्या मधोमध.

बहुतेक रेकॉर्डिंग पूर्ण मिळाली. काहींत खड्डे पडलेत, ते तसेच राहणार. तिघांचं मात्र पुढचं काहीच मिळालं नाही. नदीकडे गेलेल्या माणसाची कथा त्यातलीच. ते आजोबा हयात नाहीत. तो माणूस नदीकडे का गेला, हे आता सांगणारं कुणी नाही. ही फाईल मी रेश्माला दिली तेव्हा तिने ती पुन्हा पुन्हा लावून बघितली. मग उठून बाहेर गेली.

झुनीबाईंच्या आईचं गाणं पूर्ण निघालं. त्यांना निरोप धाडला. पूजेच्या आधी त्या आल्या, त्याच सतरंजीवर बसल्या. गाणं तुटायची जागा जवळ आली. वळवी सर दारात उभे होते. आवाज त्या शब्दावर आला आणि पुढे गेला.

झुनीबाईंनी तोंडावर पदर घेतला. मग पदराआडून त्यांचे ओठ हलताना दिसले. गाणं संपल्यावर आई खोकली आणि काहीतरी म्हणाली. झुनीबाई एकदम हसल्या, डोळे पुसता पुसता.

"काय म्हणाल्या आई?" मी रेश्माला विचारलं.

"म्हणाल्या, मधलं एक कडवं मी विसरले, पण या पोरीला काय कळतंय." रेश्माही हसत होती. "पोरी म्हणजे मी."

ते कडवं झुनीबाईंना येत होतं. त्यांनी तिथेच म्हणून दाखवलं. रेश्माने रेकॉर्डर चालू केला.

आता आवाजाच्या मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या आहेत, दोन डिस्कवर, दोन गावांत. टेबलात फक्त त्यांचा पत्ता आणि लांबी. मायग्रेशन कुणाचंही असो, मी प्रत्येक फाईल शेवटच्या मिनिटापासून ऐकते. पहिलं मिनिट सगळ्यांचंच चांगलं असतं.

शेठजींना त्यांच्या व्हिडिओच्या दोन कॉप्या दिल्या. त्यांनी दुकानात चालू करून बघितला, नवरदेव घोड्यावर चढला तसा बंद केला आणि म्हणाले, "झकास."

"शेवटपर्यंत बघून घ्या, शेठजी."

"लग्नाचा व्हिडिओ शेवटपर्यंत कोण बघतं ताई?"

"मी बघितलाय," मी म्हटलं. एक अख्खा रविवार गेला होता त्यात. पंगतीसकट.