भोंग्याचा संघ

आमच्या मामाला अख्खं शहर भोंगा म्हणायचं. एरवी तो खिळे-स्क्रूच्या दुकानात काउंटरमागे उभा. तिथे आवाज असा की गिऱ्हाईक पुढे वाकून विचारणार, "काय म्हणालात?" घसा जपायचा तो, सामन्यासाठी. फुटबॉलचा सामना असला की स्टेडियमच्या पत्र्याखाली, काचेच्या खोलीत, माइकसमोर बसायचा आणि माणूसच बदलायचा. गोल झाला की आधी शहराचं नाव, मग संघाचं, मग एक श्वास. सगळं मैदान त्या श्वासावर लटकलेलं. आणि मग गोल करणाऱ्याचं नाव असं सोडायचा की पत्रे थरथरायचे.

"मिळतं काय?" मामी म्हणायची. "त्यांना एक कप चहा, आणि मला घसा बसलेला नवरा."

संघ तसा हरण्यात पटाईत. तिजोरीतही खडखडाट. तरी मालक बदलला की किंमत आधीपेक्षा वरच. हे गणित मामाच्या डोक्यात कधी शिरलं नाही. शेवटचा मालक आला तो संघाला दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवूनच. कशाकशाचे किती पैसे होतात ते बघायला त्याने एका मुलीला पाठवलं. मुलगी चुणचुणीत, काखेत लॅपटॉप, बूट चिखलाने माखलेले. जिना चढून धापा टाकत काचेच्या खोलीत आली, तर मामाने आधी तिला खुर्ची दिली आणि मग धरलंच.

"एक विचारू का, ताई? संघ दरवर्षी तोट्यात. आमच्या शेठचं दुकान असं चाललं असतं तर कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. मग याला एवढे पैसे कोण देतं?"

"काका, दुकानं कितीही निघतात. लीगमधले संघ मोजकेच, नवीन काढू देत नाहीत. श्रीमंत मात्र रोज नवे तयार होतात. आत यायचं तर कुणाची तरी खुर्ची विकत घ्यायची. वर टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत वाटले जातात. हरा नाहीतर जिंका."

"म्हणजे भाव खुर्चीला. खेळाला नाही."

"खेळालाही आहे हो. थोडा."

"आणि ही समोर बसतात ती माणसं?"

"तिकडेही येतील ना माणसं." तिचं तिलाच कसंसं झालं. "मोठं शहर आहे, काका. तिकीट महाग जाईल. म्हणून तर हलवतायत." मग घाईघाईने म्हणाली, "तुमचा आवाजही धरलाय आम्ही."

"कशात?"

"मालमत्तेत. रंग, चिन्ह, गाणं, आवाज. टीव्हीवर लोक ओळखतात तुम्हाला. मालकांना हा आवाज तिकडे हवाय."

मामा घरी आला तो तरंगतच. "अगं, ऐकलंस का? मला नेतायत!"

"कुठे? दवाखान्यात?"

"संघाबरोबर!" बोलता बोलता त्याने कपाटावरची बॅग खाली ओढली. धुळीने दोघंही शिंकली. मामीने त्याचे बरे शर्ट इस्त्रीला घेतले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. काकांनी यायची गरज नाही. स्टुडिओत रेकॉर्डिंग करायचं, पुढचं यंत्र बघेल. खेळाडू कुणीही येवो, नाव मामाच्याच आवाजात.

मामी भडकली. "तुम्ही इथे, आवाज तिथे? उद्या तुम्ही मेलात तरी तो तिकडे बोंबलत राहणार?"

"राहू दे की," मामा म्हणाला. "माझं काहीतरी जाईल ना त्यांच्याबरोबर."

मामीने बॅग परत कपाटावर ठेवली.

स्टुडिओत त्याच्यासोबत मी गेले होते. भिंतींना स्पंज, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला आणि ती मुलगी. खेळाडूंची नावं, आकडे, बदली, मध्यंतर, सगळं मामाने झोकात म्हटलं. मग गोलची घोषणा आली. नव्या शहराचं नाव घ्यायचं होतं. मामाने छाती भरून घेतली आणि दणकून आपल्याच शहराचं नाव घेतलं.

सगळे हसले. तोही हसला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. पुढच्या वेळी शब्द बरोबर आला, पण काउंटरवर स्क्रूचा भाव सांगावा तसा.

"काका, जरा जीव ओता," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"ओततोय रे बाबा. उतरत नाहीये." पाणी प्यायला. मग त्या मुलीला म्हणाला, "हे एक नाव सोड. बाकी सगळं घेऊन जा. फुकट ने."

"तेच तर विकायचंय, काका." ती जरा घुटमळली. "पण तुम्ही म्हणायलाच हवं असं नाही. सही करा, यंत्र म्हणेल. ऐकायचंय?"

तिने बटण दाबलं. मामाचाच आवाज, भरदार, नव्या शहराचं नाव घेत होता. मागे तोच श्वास, तोच झटका.

"परत लाव," मामा म्हणाला.

परत लावलं. डोळे मिटून ऐकलं त्याने. मग कानावरचे हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले.

"छान म्हणतोय," तो म्हणाला. "पण मी असं कधी म्हटलेलं नाही, ताई." आणि सही न करताच उठला.

नव्या हंगामाचा पहिला सामना मामाने घरी टीव्हीवर पाहिला. घोषणेला कोणी तरुण बाई होती. "बरी आहे," तो मला म्हणाला. "जरा दम धरायला हवा." तेवढ्यात गोल झाला. मामा ताडकन उठला, छाती भरली, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिला.

आतून मामीने विचारलं, "झाला का गोल?"

"झाला."

"कुणाचा?"

"आपल्या त्या नऊ नंबरचा."

हात पुसत मामी दारात आली. "मग ओरडला का नाहीत?"

मामा खाली बसला. "लांब आहेत गं ते," म्हणाला. "ऐकू नाही जायचं."