मैदानावरचं एक मिनिट
तळणीचा आणि ओल्या गवताचा वास एकत्र आला की मला आमच्या डच गावातल्या छोट्या फुटबॉल क्लबचं मैदान आठवतं, आणि कठड्याला टेकून उभे असलेले कानटोपीतले बाबा. दर वर्षी तीन महिने ते पुण्याहून आमच्याकडे येत आणि नातीचा एकही सामना चुकवत नसत. ऑफसाइडचा नियम आम्हा बापलेकांना कधीच कळला नाही, पण त्यांची “चला पोरींनो!” ही हाक पार कालव्यापलीकडे जाई. एका वर्षी ते पुण्यातच वारले. मला विमान मिळेपर्यंत भावाने अंत्यसंस्कार उरकलेही होते. त्यानंतरच्या शनिवारी लेकीला मैदानापाशी सोडून मी सायकल लावून आलो, तर दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती खांद्यांवर हात टाकून उभे. मला वाटलं, फोटो काढताहेत. लेकीचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून मी बाबांच्याच सुरात ओरडलो, “चला पोरींनो!” कुणी हललं नाही. शेजारी बाबांचे शनिवारचे सोबती, एक डच आजोबा, टोपी हातात धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, “हे मिनिट तुझ्या वडिलांसाठी आहे.” तेव्हा कुठे मला पोरींच्या दंडावरच्या काळ्या फिती दिसल्या. बाबांना निरोप द्यायला मी पोहोचलो, तो असा. आता लेक डेल्फ्टला शिकते, तरी मी अजून क्लबच्या कँटीनमध्ये पाळी घेतो आणि बटाटे करपवतो. बायको विचारते, “आता तिथे आपलं कोण आहे?” मी म्हणतो, “बाबा.”