दुसरी ‘ब’मधले गुरुवार

किस्से साठायला माणसं फार लागत नाहीत. चार जण दर आठवड्याला एकत्र बसून आपापली फजिती आपणच सांगायला लागले की झालं. दुसऱ्याची फजिती माणूस चवीने सांगतो. स्वतःची सांगताना आधी जीभ रेटत नाही, आणि एकदा रेटली की थांबत नाही.

आमच्या रत्नागिरीत त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास दारू सोडलेल्या दोघातिघांनी सोडू बघणाऱ्यांसाठी मीटिंग सुरू केली. दर गुरुवारी संध्याकाळी, एका शाळेच्या दुसरी ‘ब’च्या वर्गात. नियम असा की नाव सांगायचं, आडनाव नाही. म्हणजे कोण ते कळू नये. रत्नागिरीत!

आमचे हे पहिल्या दिवशी तोंड लपवायला छत्री उघडून गेले. डिसेंबर महिना. उघडी छत्री बघून वाटेत चार जणांनी थांबवलं आणि विचारलं, “काय हो, बरं आहे ना?”

*

मीटिंगमध्ये ह्यांना सांगितलं होतं, प्यावंसं वाटलं की गोड खा. ह्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेला आंबापोळीचा डबा आठवड्यात संपवला. मग मी शेजारच्या काकूंकडून आणली. तीही संपली. पुन्हा मागायला गेले तेव्हा काकूंनी मला आत नेलं आणि हळूच विचारलं, “काही बातमी आहे का गो?”

मी बेचाळीस वर्षांची. पण नवरा दारू सोडतोय हे सांगण्यापेक्षा मला तेच सोपं वाटलं. मी नुसती लाजले. काकू दोन महिने डिंकाचे लाडू पाठवत होत्या. तेही ह्यांनीच खाल्ले.

शेवटी खरं सांगावंच लागलं. काकू म्हणाल्या, “अगो, ते प्यायचे हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. सोडली, तेवढं मात्र लपवलंस.”

*

लांज्याजवळच्या एका गावातून दाजी यायचे, बायकोला घेऊन, एस.टी.ने. गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान दाजींच्या घराण्याचा. त्यामुळे मीटिंगमध्ये उभं करून बोला म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. हात जोडून त्यांनी सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आजवर जी वाकडी वाट धरली…”

आणि गाऱ्हाण्याला गाव ओरडतो तसा सगळा वर्ग सवयीने ओरडला, “व्हय म्हाराजा!”

“…बायकोच्या अंगावर हात टाकला…”

“व्हय म्हाराजा!”

दुसऱ्यांदा आवाज जरा कमी झाला. तिसऱ्यांदा कुणी ओरडलंच नाही, कारण दाजी रडत होते. आम्हा बायकांची वेगळी मीटिंग शेजारच्या ‘अ’ तुकडीत असायची. सगळं ऐकू येत होतं. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडाला लावून दाजींच्या बायकोकडे, सुमतीवहिनींकडे, बघितलं. त्या बाकावरच्या शाईच्या डागाकडे बघत होत्या. म्हणाल्या, “घरात ह्ये कदी बोलले न्हाईत.”

*

आम्हा बायकांचाही नियम होता. नवऱ्याबद्दल बोलायचं नाही, स्वतःबद्दल बोलायचं. पहिली पंधरा मिनिटं कुणी तोंडच उघडलं नाही. शेवटी सुमतीवहिनी म्हणाल्या, “माका गवार आवडत न्हाई.”

सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! मी उत्साहाने उठले. म्हटलं, “आणि मला आवडतं ते…” मग तशीच उभी राहिले. काय आवडतं ते काही केल्या आठवेना. खाली बसले.

*

दाजींच्या गावात वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, राखण देतात. कोंबडा आणि दारूची बाटली. गाऱ्हाणं घालणाऱ्यानेच बाटली त्याच्या दगडावर ओतायची आणि उरलेली प्रसाद म्हणून घ्यायची. दाजींना दारू सोडून तेव्हा पाच महिने झालेले. नाही म्हणावं तर गाव रुसणार. मीटिंगमध्ये ठरलं, सोबतीला कुणीतरी जायचं. आमचे हे म्हणाले, मी जातो. ह्यांचे आठ महिने झाले होते. चोराच्या हाती किल्ल्या, असं मी मनात म्हटलं. वर मात्र डबा भरून दिला. केवढी मी समंजस!

दुसऱ्या दिवशी दुपारी हे परत आले. पायरीवर पाय ठेवला आणि दारूचा भपकारा आला.

मी काही विचारलंच नाही. दारातच तोंड सोडलं. आठ महिने गिळलेलं सगळं, त्याआधीच्या अकरा वर्षांचं सगळं. लेकीच्या साखरपुड्यात काय केलंत, सासूबाई आजारी असताना कुठे पडला होतात. हे खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हटलं, “मला माहीतच होतं. तुमच्याच्याने नाही व्हायचं.”

तेवढ्यात घरामागून दाजी आले. ह्यांच्याबरोबरच आले होते, आधी विहिरीवर पाय धुवायला गेले होते. हातात प्रसादाचा नारळ.

“वयनी,” ते म्हणाले, “बाटली ओतताना माजा हात कापाया लागला. ह्येंनी मनगट धरलान, तर सगळी ह्येंच्याच सदऱ्यावर सांडली. परसादाला थेंब उरला न्हाई. दोगांनाबी.”

मी नारळ घेतला. तो कुठे ठेवावा तेही कळेना.

हे पायरीवर बसले. मग म्हणाले, “हे सगळं तू इतकी वर्षं बोलायचीस?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली.

“मला आज पहिल्यांदा ऐकू आलं,” हे म्हणाले. “अजून राहिलं असेल तर बोल. मी बसलोय.”