सोयरीक जुळवणाऱ्या ताई

या जगात कुणीही एकटं नाही, असा आमच्या सोयरीकताईंचा ठाम विश्वास होता. यात अध्यात्म काही नव्हतं. त्या डेटाबेस सांभाळायच्या.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडखाली आमचं सॉफ्टवेअरचं दुकान होतं. बोंडअळीतून वाचलेला कापूस हमीभावाने विकायचा, तर शेतकऱ्याला खरेदी केंद्राचा मेसेज यावा लागे. तो पाठवणारी यंत्रणा आमची. शेतकऱ्यांची नावं एका संग्रहात, पिकाच्या नोंदी दुसऱ्यात. नोंदणी क्रमांकावरून दोन्ही जुळल्या, तरच मेसेज सुटे. या जुळवणीला ताई सोयरीक म्हणत. नव्या माणसाला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “नावावर सोयरीक करू नको रे बाप्पा. एका गावात चार-चार रामराव असतात.”

चुकीला त्या भीत नसत, अबोल्याला भीत. जोड सापडली नाही तर हा डेटाबेस तक्रार करत नाही, निमूट रिकामी यादी पुढे ठेवतो. “भांडणारा नवरा परवडला,” ताई म्हणत. त्यातच साहेबांनी अशा रिकाम्या नोंदी अहवालातून गाळायला लावल्या. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. तेव्हापासून ताईंचा डबा अर्धाच संपू लागला. रोज त्या प्रत्येक तालुक्यातली काही नावं हाताने तपासत. फक्त दारव्हा सोडून. तिथे त्यांचा सख्खा भाऊ होता.

भाऊ रोज फोन करी. “ताई, मेसेज काहून नाही आला? घरभर कापूस भरला. पोट्टे त्याच्यावरच झोपून राह्यले, अंगाले खाज सुटली त्याइच्या.”

“मी तुहं नाव पाहिलं तं वशिला होते, बापू. रांगेत राय.” फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ नखं कुरतडत बसत.

आभाळ भरून आलं त्या दिवशी त्यांनी अखेर दारव्हा उघडलं. एकही सोयरीक जुळलेली नव्हती. त्या तालुक्याची फाइल बाहेरून भरून आली होती आणि तिच्यातले क्रमांक संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठले होते. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी त्यांची ओळखदेखील नसते. ताईंनी तासाभरात दुरुस्ती केली. दुपारी साऱ्या दारव्ह्याचे मोबाइल वाजले.

भावाचा फोन आला. “आला तुहा मेसेज. कापूस सकाळीच देल्ला व्यापाऱ्याले, पडेल भावात.”

“कायले घाई केली रे?”

“घाई? आपल्या माणसाचं नाव एकदा पाहिलं असतं, तं साऱ्या तालुक्याचं भलं झालं असतं, ताई.”

हंगाम संपल्यावर ताईंनी नोकरी सोडली. निरोपाला शाल, श्रीफळ आणि साहेबांचं भाषण होतं. ताईंनी जिल्हाभरातली माणसं जोडली, असं साहेब म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ताईंचा भाऊ तेव्हा त्यांचा फोन उचलत नव्हता.