वैशाखातले छायाचित्र

वनखात्याने वैशाखात छायाचित्रे काढून घेतली, ज्येष्ठात अहवाल आला, आषाढात माझी दोन्ही पत्रे अनुत्तरित राहिली. जबाबदार: सर्वेक्षणाचा महिना ठरवणारे अधिकारी आणि न वाचता सही करणारे त्यांचे वरिष्ठ. अजिंठ्याच्या वाटेवरचे सागाचे वन संगणकाने छायाचित्रांतला हिरवा रंग मोजून मृत ठरवले आहे. आता ते वन तोडणार आहेत.

ती छायाचित्रे काढणारा कंत्राटी माणूस मला वैशाखात तेथेच भेटला होता. प्रत्येक झाडापाशी तो एक पांढरी पाटी बाहीने पुसून ठेवी. संगणकाला खरा रंग कळावा, म्हणून. एक कण धूळ दिसली तरी पुन्हा पुसे.

"पानगळीत हिरवे मोजता?" मी कडाडलो.

"काका, जरा बाजूला सरकून भांडा. पाटीवर सावली पडतीय तुमची."

मी सरकलो. मग त्याने नखाने एका डहाळीची साल खरवडली. आत ओला, हिरवा पट्टा होता.

"फोटो खराच हाय, काका. महिना चुकलाय."

शेजारी पाटी धरून त्याने त्या पट्ट्याचेही छायाचित्र काढले आणि माझ्यादेखत अहवालासाठी पाठवले.

अहवालात नेमके तेवढेच छायाचित्र नाही. ते कोणी वगळले, याचे उत्तर संबंधितांनी पहिली करवत लागण्यापूर्वी जाहीरपणे द्यावे.